बुडबुड्यांचा हिशोब : घरगुती सोडायंत्र निवडण्यापूर्वी

उन्हाळ्याची चाहूल लागली की आमच्या शहरात, म्हणजे २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झालेल्या औरंगाबादेत, थंडगार पेयांच्या गप्पा सुरू होतात. गेली काही वर्षे या गप्पांत एका प्रश्नाची भर पडली आहे. घरच्या घरी सोडा करण्याचे यंत्र घ्यावे का, आणि घ्यायचे तर कोणते? विचारणारे बहुतेक माझे शिक्षकमित्र असतात. एखाद्याच्या अमेरिकेतल्या मुलाने सुटीत येताना असे यंत्र आणलेले असते, पण वायूने भरलेले सिलिंडर विमानातून आणता येत नाही. मग ते देखणे यंत्र फ्रिजशेजारी रिकामेच उभे असते आणि त्याचे पुढे काय करावे, असा पेच पडतो.

या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराने द्यावे अशी आपली अपेक्षा असते. खरे तर ते बऱ्याच अंशी नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. विद्राव्यता, दाब, तापमान, मोल आणि आम्ल एवढे पाच धडे पुरतात. लागणारे उपकरण एकच, स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक तराजू.

सोडावॉटर म्हणजे पाण्यात दाबाखाली विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड. त्यात खायचा सोडा असलाच पाहिजे असे नाही. नाव मात्र जुन्या काळापासून चिकटले आहे, कारण सुरुवातीचे कारखानदार खरोखरच त्यात थोडा सोडिअमचा क्षार घालत असत. या पेयाचा जन्म बिअरच्या कारखान्याशेजारी झाला. इंग्लंडमधील लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक १७६७ साली एका ब्रुअरीच्या शेजारी राहायला गेला. आंबवणाच्या पिंपांवर एक जड हवा साचून राहते आणि तिच्यात धरलेली मेणबत्ती विझते, हे त्याने पाहिले. त्या थरात पाण्याची भांडी वर-खाली ओतून त्याने ती हवा पाण्यात मिसळली आणि चवदार, चुरचुरणारे पाणी मिळवले. १७७२ साली त्याने ही कृती पुस्तिकेच्या रूपाने छापली. व्यापाराचे डोके मात्र जेकब श्वेप या घड्याळजीचे. त्याने १७८३ मध्ये जिनिव्हात पंप वापरून असे पाणी मोठ्या प्रमाणावर तयार करायला सुरुवात केली.

आमच्या शहराभोवतीच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे कारखाने आहेत, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिथल्या टाक्यांमध्ये यीस्ट साखरेचे विघटन करून जो वायू सोडते, तो प्रीस्टलीच्या पिंपावरचाच. आंबवण्याच्या क्रियेत तयार होणारा हा वायू गोळा करून, धुऊन, दाबून सिलिंडरमध्ये भरता येतो, आणि पेयांसाठी लागणारा बराचसा कार्बन डायऑक्साइड अशा जोडउत्पादनातूनच येतो. विद्यार्थी हमखास विचारतात की, सोडा प्यायल्याने हवामानबदलाला हातभार लागतो का? एका लिटर सोड्यात साधारण सात ग्रॅम वायू असतो. एक प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासावाटे सोडतो. म्हणजे लिटरभर सोडा आणि आपला दहा मिनिटांचा श्वासोच्छ्वास यांची बरोबरी होते. ती चिंता इथेच सोडून द्यायला हरकत नाही.

थंड पाणी, गरम पाणी

आता मुख्य मुद्दा. द्रवात किती वायू विरघळेल हे त्या वायूच्या दाबावर अवलंबून असते. दाब दुप्पट केला की विरघळणारा वायूही दुप्पट. विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ साली हा नियम मांडला. पण या नियमाला एक अट आहे, तापमान स्थिर हवे. आमच्याकडे घोटाळा होतो तो इथेच.

वातावरणाइतक्या दाबाचा शुद्ध कार्बन डायऑक्साइड पाण्याच्या संपर्कात ठेवला, तर शून्य अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ३.३ ग्रॅम विरघळतो. दहा अंशांना २.३, वीस अंशांना १.७, तीस अंशांना १.३ आणि चाळीस अंशांना जेमतेम १ ग्रॅम. हे पाच आकडे फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांकडून आलेख काढून घ्यावा. एकदा वक्ररेषा हाताने काढली की पुढचे सगळे समजावून सांगावे लागत नाही.

बाजारात मिळणाऱ्या झणझणीत सोड्यात लिटरमागे सुमारे ७ ग्रॅम वायू असतो. शून्य अंश व एक वातावरण दाबाला कार्बन डायऑक्साइडचे ४४ ग्रॅम २२.४ लिटर जागा व्यापतात. त्या हिशोबाने सात ग्रॅम म्हणजे साडेतीन लिटर वायू झाला. एक लिटर पाण्याच्या पोटात साडेतीन लिटर वायू! फ्रिजमधल्या पाच अंशांच्या पाण्यात एवढा वायू कोंबायला वातावरणाच्या अडीचपट दाब पुरतो. तेच पाणी मे महिन्यात माठातून नाही, तर गच्चीवरच्या टाकीतून पस्तीस अंशांचे आले, तर सहापटींहून अधिक दाब लागेल.

घरगुती यंत्रात बाटलीतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की सुरक्षाझडप उघडते आणि वायू आवाज करत बाहेर पडतो. ही झडप म्हणजे यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग. पाणी कोमट असेल तर दाब झटकन चढतो, झडप उघडते, आणि आपण बटण दाबत राहिलो तरी वायू पाण्याऐवजी स्वयंपाकघरात जातो. "यंत्र चांगले नाही, सोडा मिळमिळीत होतो" या तक्रारीचे कारण मोठ्या संख्येने पाण्याच्या तापमानात असते. भारी यंत्राने कोमट पाण्याचा सोडा करण्यापेक्षा साध्या यंत्राने फ्रिजमधल्या पाण्याचा केलेला केव्हाही चांगला.

जाता जाता एक गंमत. आमचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सहा-सात टक्क्यांनी कमी. बंद बाटलीत याने काहीच फरक पडत नाही, पण पेला उघडा ठेवला तर तत्त्वतः इथला सोडा मुंबईपेक्षा किंचित लवकर उतरावा. जिभेला हा फरक कळेल असे मात्र मला वाटत नाही.

जुन्या गोटी सोड्यात याच दाबाचा उपयोग झाकण म्हणून केलेला असे. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७०च्या दशकात या बाटलीचे पेटंट घेतले. बाटलीच्या गळ्याशी रबराची कडी, आत काचेची गोटी. बाटली उलटी धरून भरायची, म्हणजे गोटी गळ्याशी येते आणि आतला वायूच तिला रबरावर दाबून धरतो. वायू जितका जास्त, तितके झाकण घट्ट. युरोपातून ही बाटली जवळजवळ नाहीशी झाली, आपल्याकडे मात्र जत्रांतून आणि बाजारांतून ती दीर्घकाळ टिकली. मुंबईत पालनजी (१८६५), पुण्यात अर्देशिर (१८८४) अशा पारशी-इराणी मंडळींनी सोडा-रासबेरीचे कारखाने काढले, ते त्याच जमान्यातले. तुमच्या गावात अजून एखादी गोटीची बाटली मिळत असेल तर शाळेच्या प्रयोगशाळेत जरूर आणून ठेवा. दाब शिकवायला तिच्याइतके चांगले साधन नाही.

खोक्यावरचे साठ लिटर

घरगुती यंत्रांचे ढोबळमानाने तीन प्रकार. पहिला, जाड भिंतीची सायफन बाटली आणि तिच्यात एका वेळी एक बसणारी पोलादी काडतुसे. प्रत्येक काडतुसात ८ ग्रॅम वायू असतो आणि लिटरभर पाण्याला एक पुरते. काडतूस एकदा वापरले की भंगारात. दुसरा, सर्वांत जास्त खपणारा प्रकार, म्हणजे उभे यंत्र. त्याच्या पाठीत सुमारे ४०० ते ४२५ ग्रॅम वायूचे सिलिंडर बसते, आणि ते रिकामे झाले की भरून किंवा बदलून घ्यायचे. तिसरा प्रकार हौशी मंडळींचा. पाच किलोंचे मोठे सिलिंडर, त्यावर दाबनियंत्रक आणि नळी. लिटरमागे हा सर्वांत स्वस्त पडतो, म्हणून अनेकांना त्याचा मोह होतो. त्याविषयी पुढे लिहितो.

दुसऱ्या प्रकारच्या सिलिंडरवर बहुधा "६० लिटरपर्यंत" असे छापलेले असते. यातील "पर्यंत" या शब्दाकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे. ४२५ ला ६० ने भागले तर लिटरमागे ७ ग्रॅमच्या थोडा वर वायू येतो. म्हणजे एकही ग्रॅम वाया गेला नाही, तरच झणझणीत सोडा साठ लिटर होईल. पण वाया तर जातोच.

किती जातो ते पाहू. एक लिटर मापाच्या बाटलीत खुणेपर्यंत ८५० मिलिलिटर पाणी भरले, तर वर १५० मिलिलिटर मोकळी जागा राहते. बाटली सोडवताना तिथला दाब वातावरणाच्या पाचपट असेल असे धरा. थंड असताना त्या जागेत एक ते दीड ग्रॅम वायू असतो, आणि बाटली उघडताच तो फुस्स करून जातो. पाण्यात मात्र सहा ग्रॅम उतरलेला असतो. हा तोटा सोसण्याजोगा आहे. आता समजा घरात एकच माणूस आहे आणि त्याने ४०० मिलिलिटरच पाणी घेतले. मोकळी जागा झाली ६०० मिलिलिटर. तिच्यातून उडून जाणारा वायू पाच ग्रॅमच्या आसपास, आणि पाण्यात राहिला तीनहून कमी. प्यायल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वायू हवेत! म्हणून या यंत्रात अर्धी बाटली कधीही करू नये. घरात दोनच माणसे असतील तर लहान बाटली बसणारे यंत्र घ्यावे. विक्रेते मोठ्या बाटलीचे कौतुक करतात, पण मोठी बाटली मोठ्या कुटुंबाला शोभते.

शिवाय झडपेतून उडणारा वायू वेगळा. खुणेपर्यंत पाणी भरून, झडप एकदाही न उघडता काम झाले असे मानले, तरी ४२५ ग्रॅममध्ये सुमारे पन्नास लिटरच होतात. प्रत्यक्षात त्याहून कमी. साठ लिटरचा आकडा खोटा नाही, पण तो सौम्य सोड्याचा आहे. तेव्हा खर्चाची तुलना करताना सिलिंडर भरण्याच्या किमतीला साठाने भागू नका. चाळिसाने भागा, म्हणजे पुढे वाईट वाटणार नाही.

हे सगळे वर्गात तपासता येते. सिलिंडर यंत्रातून काढून तराजूवर ठेवा, वजन लिहा. बाटलीत थंड पाणी भरून तिचेही वजन लिहा. सोडा करा आणि दोन्ही पुन्हा तोला. सिलिंडरचे घटलेले वजन म्हणजे खर्ची पडलेला वायू, बाटलीचे वाढलेले वजन म्हणजे पदरात पडलेला. दुसऱ्याला पहिल्याने भागले की यंत्राची कार्यक्षमता मिळते. सिलिंडर १२ ग्रॅमने हलके झाले आणि बाटली ६ ग्रॅमने जड झाली, तर कार्यक्षमता पन्नास टक्के. हाच प्रयोग पाच अंशांच्या, वीस अंशांच्या आणि साध्या खोलीतल्या पाण्यावर करावा. वायूला वजन असते हे आठवीपासून शिकवतो, पण विद्यार्थ्यांना ते इतक्या सहज दिसत नाही.

यंत्र नसेल तर दुकानातली सोड्याची बंद बाटली चालते. ती झाकणासह तोला, हळूहळू वायू सोडा, कोमट पाण्यात अर्धा तास उघडी ठेवून अधूनमधून हलवा, बाहेरून कोरडी पुसा, झाकण लावून परत तोला. साध्या तराजूने एक ग्रॅमपर्यंतच वाचता येते, तेव्हा पाच-सहा गटांकडून मोजून घेऊन सरासरी काढावी.

एकतीस अंशांची गोष्ट

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला तिकडे वळतो. सिलिंडरच्या आत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. वीस अंशांना तो द्रव राहण्यासाठी वातावरणाच्या सुमारे ५७ पट दाब लागतो, तीस अंशांना ७१ पट. स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीत यापेक्षा कितीतरी कमी दाब असतो, हे लक्षात घेतले म्हणजे हातात मावणारे हे लहानसे सिलिंडर इतके जाड का, ते कळते.

पण ३१ अंशांना एक विलक्षण गोष्ट घडते. हे या वायूचे क्रांतिक तापमान. त्याच्या वर कितीही दाब दिला तरी वायू आणि द्रव असा भेद उरत नाही, आत एकच दाट प्रवाही पदार्थ असतो. युरोपातल्या स्वयंपाकघरात ही अवस्था क्वचित येते. मराठवाड्यात मार्चपासून जूनपर्यंत दुपारी घरातले तापमान एकतीसच्या वर असणे ही रोजची बाब आहे.

याचा दाबावर काय परिणाम होतो? योग्य प्रमाणात भरलेल्या सिलिंडरमध्ये दर लिटर जागेस सुमारे ७०० ग्रॅम वायू असतो असे धरू. चाळीस अंशांना त्यातला दाब वातावरणाच्या ११० पटींच्या वर जातो. साठ अंशांना तो १९० पटींच्या घरात पोहोचतो. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत साठ अंश होणे मुळीच अवघड नाही. सिलिंडरला दाब फार वाढल्यास फुटणारी एक सुरक्षाचकती असते आणि चांगल्या सिलिंडरची चाचणी याहून जास्त दाबाला केलेली असते. प्रश्न येतो तो जास्त भरलेल्या सिलिंडरचा. दहा-पंधरा टक्के जास्त वायू कोंबलेल्या सिलिंडरमध्ये तापमान चढताच दाब आणखी झपाट्याने वाढतो, कारण आत फुगायला जागाच राहिलेली नसते. "साहेब, थोडा जास्तच भरून दिलाय" असे सांगणाऱ्याकडून सिलिंडर परत घेऊ नये, जादा वायू काढून टाकायला सांगावे. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्यावर कोरलेले असते. घरी आणल्यावर तराजूवर ठेवून वजाबाकी करणे एवढे काम आहे.

आणि हे सिलिंडर भरून देणार कोण? माझ्या मते यंत्र निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा, रंग आणि रूप नंतर. काही यंत्रांचे आटे ठरावीक मापाचे असतात आणि त्यांना वेगवेगळ्या कंपन्यांची सिलिंडरे बसतात. काहींची जोडणी खास त्या कंपनीचीच असते. आपल्या शहरात किंवा जवळच्या मोठ्या शहरात भरलेले सिलिंडर बदलून मिळण्याची सोय नसेल, तर यंत्र कितीही चांगले असले तरी ते शोभेचेच. अशा गावी काडतुसांची सायफन बाटली अधिक व्यवहार्य. फक्त काडतूस घेताना नाव नीट वाचावे. दिसायला अगदी तशीच, पण नायट्रस ऑक्साइड भरलेली काडतुसे मलई फेटण्यासाठी मिळतात. ती सोड्यासाठी नव्हेत.

अग्निशामक नळकांडी भरून देणाऱ्याकडून सिलिंडर भरून घ्यावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. वायू तोच, पण शुद्धता तीच असेल असे नाही. आग विझवण्यासाठी भरताना त्यात तेलाचा अंश किंवा ओल राहिली तरी काम अडत नाही, पोटात जाणाऱ्या वायूचे तसे नाही. अन्नपदार्थांत वापरायच्या कार्बन डायऑक्साइडला २९० हा आंतरराष्ट्रीय क्रमांक आहे. विक्रेत्याकडे अन्नयोग्य वायूचा कागद मागावा. शिवाय दाबाखालचे वायू सिलिंडरमध्ये भरण्यासाठी परवाना लागतो. २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली तो देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. मोठ्या सिलिंडरमधून लहानात घरीच वायू उतरवण्याची कृती कुणी दाखवली, तर ती पाहावी आणि विसरून जावी.

आता पाच किलोंच्या सिलिंडरविषयी. वायूची गळती झाली तर काय होईल, याचा हिशोब करू. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशी बंद खोली म्हणजे सुमारे २८ घनमीटर. लहान सिलिंडरमधला ४२५ ग्रॅम वायू तीस अंशांना सुमारे २४० लिटर होतो. सगळा गळाला तरी खोलीच्या हवेत त्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आत राहते. डोके जड होईल, खिडकी उघडावी. पाच किलो वायूचे मात्र २,८०० लिटरहून अधिक होतात, म्हणजे खोलीच्या दहा टक्के. एवढ्या प्रमाणात माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. वायू हवेच्या दीडपट जड असल्याने तो आधी जमिनीलगत साठतो, आणि उन्हाळ्यात आपण फरशीवरच झोपतो. ज्वारीच्या पेवात उतरलेला माणूस गुदमरल्याच्या हकिगती जुन्या पिढीने ऐकलेल्या आहेत. साठवलेले धान्य श्वसन करते, आणि तिथेही मारणारा वायू हाच. दार-खिडक्या लावून, कूलर बंद करून झोपण्याच्या खोलीत किंवा तिला लागून असलेल्या स्वयंपाकघरात मोठे सिलिंडर ठेवू नये. ज्यांना पडवी किंवा मोकळी गच्ची आहे आणि सावली आहे, त्यांची गोष्ट निराळी.

पाणी कोणते?

यंत्र पाणी शुद्ध करत नाही. ही गोष्ट इतकी साधी आहे की सांगायची गरज पडू नये, पण पडते. सोडा जंतू मारतो असा समज रूढ आहे. आम्लतेमुळे काही जीवाणूंची वाढ मंदावते हे खरे, पण त्यावर विसंबून दूषित पाण्याचा सोडा करणे धोक्याचे. आमच्या शहराला पैठणजवळच्या जायकवाडीतून पाणी येते आणि नळाला रोज पाणी न येण्याची सवय इथल्या लोकांना कित्येक वर्षांची आहे. टाक्यांत, पिंपांत साठवलेले पाणी, आणि ते संपले की बोअर किंवा टँकर. तेव्हा आधी पाणी गाळणे-उकळणे, मग थंड करणे, मग वायू. हा क्रम बदलू नये. उकळल्याने पाण्यातली विरघळलेली हवाही निघून जाते आणि सोडा अधिक चांगला होतो. साखर, सरबत किंवा रस मात्र वायू घालून झाल्यानंतरच मिसळावा. आधी मिसळल्यास फेस उसळून झडपेचे तोंड चिकटते, आणि झडप चिकटलेले यंत्र म्हणजे शिट्टी बसलेला कुकर.

बोअरच्या पाण्याचा सोडा फिल्टरच्या पाण्यापेक्षा वेगळा का लागतो, हा प्रश्न मला फार आवडतो. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे सहाशे रेणूंपैकी एखादाच पाण्याशी संयोग पावून कार्बनिक आम्ल होतो. तरीही क्षार काढून टाकलेल्या पाण्यात सोड्याचा सामू, म्हणजे पीएच, ३.६ च्या आसपास येतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात मात्र बायकार्बोनेट भरपूर असतात. पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली उतरते, बेसॉल्टमधील कॅल्शियम-मॅग्नेशियमची खनिजे हळूहळू विरघळवते आणि दुष्फेन होते. (बोलीत आपण त्याला जड पाणी म्हणतो. शास्त्रात जड पाणी म्हणजे दुसरेच काही, हे विद्यार्थ्यांना सांगून ठेवावे.) अशा पाण्याची अल्कता लिटरला २०० मिलिग्रॅम असेल, तर तेवढाच वायू घालूनही सामू ४.७ च्या आसपासच राहतो. बायकार्बोनेट आम्लाची धार बोथट करतात. थोडक्यात, तुमच्या बोअरने सोडा आधीच एकदा केलेला आहे, खडकात. जास्वंदीच्या फुलांच्या अर्काने दोन्ही पाण्यांचे सोडे तपासून रंगातला फरक पाहता येईल.

ही धार जिभेला कळते ती बुडबुड्यांमुळे नव्हे. दाबकक्षात, जिथे बुडबुडे फुटूच शकत नाहीत, तिथेही सोडा चुरचुरतो. जिभेवरील आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर कार्बनिक अ‍ॅनहायड्रेज नावाचे विकर असते. ते वायूपासून तिथल्या तिथे आम्ल बनवते. २००९ साली उंदरांवरील प्रयोगांतून हे स्पष्ट झाले. गिर्यारोहक विरळ हवेच्या त्रासावर जे अ‍ॅसिटाझोलामाइड घेतात, ते नेमके हे विकर रोखते. म्हणूनच शिखरावरून उतरून सोडा किंवा बिअर प्यायली की ती उतरलेली, बेचव लागते.

यंत्र नको, आम्ही खायचा सोडा आणि लिंबूसत्त्व घालून करू, असे म्हणणाऱ्यांसाठी शेवटचा हिशोब. लिटरभर पाण्याला लागणारा ८ ग्रॅम वायू मिळवायला खायचा सोडा सुमारे १५ ग्रॅम आणि लिंबूसत्त्व १२ ग्रॅम लागेल. त्या १५ ग्रॅममध्ये ४ ग्रॅमहून जास्त सोडिअम असते, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला २ ग्रॅमहून कमी सोडिअम घ्यायला सांगते. चिमूटभर घालून फसफसणारे सरबत करणे निराळे. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी या पद्धतीने रोज सोडा करू नये. क्रिया वेगळ्या भांड्यात करून फक्त वायू नळीने पाण्यात सोडला तर खारटपणाचा प्रश्न मिटतो, पण झडप नसलेली काचेची बाटली त्यासाठी कधीही वापरू नये. वर्गात दाखवायचे झाल्यास बाटलीच्या तोंडाला फुगा लावावा. पाच ग्रॅम खाण्याच्या सोड्याने तो सव्वा-दीड लिटरपर्यंत फुगतो, आणि फुटला तरी कुणाला इजा होत नाही.